आई-बाबा, यंदा तारीख देत नाही

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. फोन केला की जेवलीस का, गोळी घेतली का, लाइट गेली का यातच अर्धा तास जातो आणि मुख्य बोलायचं राहूनच जातं, म्हणून टाइप करून पाठवतेय. ताई कणकवलीहून येताना प्रिंट आणेल, अक्षरं मोठी ठेव म्हणून सांगितलंय तिला, बाबांना डोळ्याच्या ऑपरेशननंतर मोबाइलवर वाचायला त्रास होतोय ना.

तर आम्ही यंदा परत निघतोय. मुंबई ते गोवा, शिडाने. रथसप्तमीला पहाटे गेटवेसमोरून निघायचं हे पक्कं आहे. देवगडला कधी पोचणार ते मात्र मी सांगणार नाहीये, आणि का सांगणार नाही ते नीट सांगायचं म्हणूनच हे एवढं मोठं पत्र.

गेल्या वर्षी बाबांच्या पंचाहत्तरीला मी बोटीने येऊन देवगडच्या जेटीवर उतरणार होते. तुम्ही सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, मामा चिपळूणहून येऊन बसला होता, आणि मी आले ती दोन दिवस उशिरा, एसटीने, हाताला बँडेज बांधून. इंजिन बिघडलं एवढंच सांगितलं तुम्हाला. ते खोटं नव्हतं पण पूर्ण खरंही नव्हतं, आणि वर्षभर ते माझ्या मनात राहिलंय.

झालं असं की एकाची रजा लांबली म्हणून आम्हाला निघायलाच दीड दिवस उशीर झाला, आणि त्यालाच सोमवारी परत ऑफिसला हजर व्हायचं होतं, आणि मला पंचाहत्तरी गाठायची होती. मग ठरवलं की कुठेच थांबायचं नाही, वारा पडला की इंजिन लावायचं आणि वारा आला की सगळी शिडं पूर्ण उघडी ठेवून पळायचं. सकाळी १० ला निघालो. आधीची सगळी रात्र माझी सामान लावण्यात गेली होती. मुरुड गेलं, हर्णै गेलं, पहाटे ३ च्या सुमाराला टाळकेश्वरचं दीपगृह डाव्या हाताला दिसत होतं. सुकाणूवर होता तो उभ्या उभ्या डुलक्या घेत होता आणि त्याला जागं ठेवायला म्हणून शेजारी बसलेली मी, मीही झोपले होते. समोर पाण्यावर एक बारीक लाल दिवा लुकलुकत होता. तो जाळ्याचा दिवा होता, जागा माणूस असता तर त्याने अर्धा मैल आधीच वळवली असती बोट. खालून घर्र घर्र असा आवाज आला, इंजिनने आचके दिले आणि बंद पडलं. मग एकदम शांत. बोट आडवी होऊन लाटांवर डुलायला लागली आणि टॉर्च मारला तर मागे पाण्यात हिरवी नायलॉनची जाळी बोट ढकलणाऱ्या पंख्याभोवती दोरखंडासारखी पिळून बसलेली.

उजाडेपर्यंत थांबलो. मग कमरेला दोर बांधून मी उतरले आणि पाव कापायच्या दातेरी सुरीने दीड तास ती जाळी कापत होते, एका हाताने पंखा धरायचा, लाट आली की बोटीचा सगळा मागचा भाग डोक्यावर खाली येतो, तो चुकवायचा, परत दम घेऊन खाली. हात कापला तो तळाला चिकटलेल्या धारदार शिंपल्यांनी. तेवढ्यात जाळंवाले आलेच, वेलदूरची बोट. मला वाटलं आता शिव्या बसणार आणि बसायलाच हव्या होत्या, त्यांचं नुकसान झालं होतं (ते भरून दिलं आम्ही). पण त्यांच्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, आमच्या एकेकाच्या तोंडाकडे बघितलं आणि एवढंच विचारलं, "कधीपासून जागे आहात तुम्ही?" मग चहा दिला आणि दोर लावून दाभोळच्या खाडीत आणून सोडलं.

बाबा, यात तुमच्या वाढदिवसाचा काहीही दोष नाही, तारीख मी दिली होती आणि ती पाळायला माणसं दमवली तीही मीच. पण तेव्हापासून कळलंय की बोटीचा वेग बोट ठरवत नाही. आमची ३१ फुटी बोट चांगला वारा असेल तर साडेसहा नॉटपर्यंत, म्हणजे ताशी साडेसहा सागरी मैल, जाते, म्हणून कागदावर दिवसरात्रीत दीडशे मैल दिसतात. खरा वेग ठरतो तो बोटीवरच्या सगळ्यात दमलेल्या माणसाच्या हिशोबाने. आणि दमलेला माणूस मी दमलोय असं म्हणाला तरच तो कळतो, नाहीतर जाळ्यात गेल्यावर कळतो.

म्हणून यंदा सगळ्यात जास्त वेळ माणसं शोधण्यात घालवला. आई तू दर फोनला विचारतेस कोण कोण आहे बरोबर, तर ऐक. ऑक्टोबरमध्ये विचारलं तेव्हा ११ जण हो म्हणाले. १२ दिवसांची रजा लागेल आणि परतीचं तिकीट आधी काढायचं नाही असं सांगितल्यावर ६ उरले. मग प्रत्येकाबरोबर एक दिवस मांडव्याला जाऊन आले आणि ज्यांचं जमेल असं वाटलं त्यांच्याबरोबर काशीदपर्यंत रात्रभराची एक खेप केली. त्यात एकजण होता, रेसिंगमध्ये नाव कमावलेला, शिडाचं त्याला माझ्यापेक्षा दुप्पट कळतं, पण त्याला उलट्या होत होत्या आणि तो पाठ फिरवून लपवत होता, वर दुसऱ्यांवर ओरडत होता. त्याला नाही म्हटलं. वाईट वाटलं त्याला, मलाही वाटलं. उलटी होण्यात काही नाही गं, मलाही होते, पण लपवणाऱ्याबरोबर रात्र काढायची मला भीती वाटते.

आता आम्ही चौघं. एक इंजिनियर काका, ५८ वर्षांचे, मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले, आयुष्य मोठ्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये गेलं, शिडाची बोट त्यांना नवीन आहे पण नट कुठला सैल झालाय ते आवाजावरून सांगतात. दुसरा हर्णैचा मुलगा, वडिलांच्या बोटीवर दहावीपासून जातोय, रात्री कोळ्यांनी टॉर्च कसा हलवला म्हणजे कुठल्या बाजूने जा म्हणतायत, जाळ्याचं दुसरं टोक कुठे असणार, हे त्याला न विचारता समजतं. आणि तिसरी एक फिजिओथेरपिस्ट, तिला अनुभव सगळ्यात कमी. पण काशीदहून येताना रात्री ३ ला तिने मला हलवून उठवलं आणि म्हणाली, "ताई, मला होकायंत्रातला आकडा वाचता येत नाहीये आता, तू घे." मी सुकाणू घेतलं आणि ती तिथेच खाली पायाशी अंगावर शीड ओढून झोपली. त्याच क्षणी मी तिला मनातल्या मनात पक्की केली होती.

आता कसं जाणार ते. बाबा, निघायची वेळ तुमच्याच हिशोबाने काढलीय, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. सप्तमी म्हणजे सात पाऊण सव्वापाच, मुंबईत सव्वापाचच्या आसपास पूर्ण भरती, मग ओहोटी लागली की पाणीच आपल्याला बंदराबाहेर काढतं. टाइड टेबलशी ताडून बघितलं, थोडा फरक येतो, पण हिशोब बसतो. लहानपणी धक्क्यावर बसून तुम्ही बोटांवर मोजायला शिकवलं होतं ते असं उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. शिवाय सप्तमी म्हणजे भांगाचं पाणी, भरती-ओहोटीत फरक कमी, ओढ कमी, आणि शुद्ध पक्ष असल्यामुळे रोज रात्री चंद्र थोडा जास्त वेळ मिळत जाणार.

पहिला दिवस मुरुड, ४० मैल, बस. दिवसाला ४० च्या वर जायचंच नाही असा नियम केलाय आणि हिशोब ५ नॉटने न करता साडेचारने केलाय. फक्त मुरुड ते जयगड हे ६० मैल एका रात्रीत करणार कारण तिथे आम्हाला रात्रीची सवय करायचीच आहे, नवमीचा चंद्र निम्म्याहून थोडी जास्त रात्र असतो, संध्याकाळी ६ ला निघालो तर जयगडला उजेडी पोचतो. दोघं जागे दोघं झोपलेले, दर ३ तासांनी बदल. आणि अंधार पडायच्या आधी मोठं शीड एक रीफ कमी करायचं, म्हणजे एक पट्टा दुमडून लहान करायचं, वारा असो नसो. त्याने अर्धा नॉट जातो, पण खाली झोपलेल्याला नीट झोप लागते, आणि मध्यरात्री वारा वाढला तर कुणाला अर्धवट झोपेत डोलकाठीपाशी जावं लागत नाही. जयगडला पूर्ण एक दिवस विश्रांती. मग रत्नागिरी २० मैल, विजयदुर्ग २८ मैल, तिथे वाघोटणच्या खाडीत किल्ल्याच्या आड नांगर टाकला की अगदी घरात असल्यासारखं वाटतं. विजयदुर्गहून देवगड जेमतेम ११ मैल, दोन-अडीच तास.

वाऱ्याचं तुम्हाला सांगायला नको. पहाटे मतलई, जमिनीवरून येणारा वारा, असतो, १० पर्यंत मरतो, मग दोन तास काहीच नाही, शिडं लटकतात, ऊन लागतं, पाणी तेलासारखं दिसतं. दुपारी समुद्रावरून खारा वारा सुरू होतो तो वायव्येचा, म्हणजे आम्हाला उजव्या खांद्यामागून, गोव्याकडे जाताना याहून चांगला वारा नाही. गेल्या वर्षी मला ते मधले दोन तास सहन व्हायचे नाहीत, लगेच इंजिन लावायचे. आजोबा म्हणायचे ना, "वारो पडलो काय गप ऱ्हवाचा." यंदा त्या वेळात जेवायचं आणि ज्याची झोप राहिलीय त्याने झोपायचं, असं लिहूनच ठेवलंय.

आई, तुला रामदास बोट आठवते, मला माहितीये. तू तेव्हा जन्मलीही नव्हतीस पण आजीकडून ऐकून ऐकून ती भीती तुझ्यात उतरलीय आणि कोकणातल्या कुठल्या घरात ती नाही. १७ जुलै १९४७, गटारीची अमावास्या, भर पावसाळा, रेवसला जाणारी खचाखच भरलेली बोट, सहाशेच्या वर माणसं गेली. मी ती भीती उडवून लावत नाही. पण आपण माघात जातोय, पावसाळ्यात नाही, माणसं चार आहेत आणि चौघांना चार लाइफ जॅकेट, रात्री हार्नेसचा हूक लावल्याशिवाय कॉकपिटच्या बाहेर पाय टाकायचा नाही, मीसुद्धा नाही. रेडिओ चॅनेल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनेलवर, चालू असतो, कोस्ट गार्डचा १५५४ नंबर चौघांच्या फोनमध्ये आहे. आणि गेल्या वर्षी टीव्हीवर आपण दोघींनी बघितलं होतं ना, तारिणी या शिडाच्या बोटीवरून नौदलाच्या दोघीजणी आठ महिन्यांनी जगाची फेरी पूर्ण करून गोव्यात परतल्या, तेव्हा तू डोळे पुसत म्हणालीस की यांच्या आयांचं कसं होत असेल. मी तेव्हा काही बोलले नाही. तुझं कसं होतं ते मला माहितीये गं.

आता तुमच्याकडून काय हवंय ते सांगते. कुणाला तारीख सांगू नका, मामाला बोलावून ठेवू नका, जेटीवर जाऊन उन्हात बसू नका. विजयदुर्गला नांगर पडला की मी फोन करीन, तेव्हा कळेल की उद्या की परवा. चौघांपैकी एकजण जरी म्हणाला की आज नको, तर आज नाही, मग तुम्ही ११ मैलांवर असलात तरी. हे मला खूप जड जाणारे, तुम्हालाही जाईल, म्हणून आधीच बोलून ठेवतेय. रोज संध्याकाळी फोन येईल. रेंज नसली आणि नाही आला तर दुसऱ्या दिवशी सकाळी ९ पर्यंत थांबा, त्यानंतर ताईला फोन करा, आमचा सगळा प्लॅन, बोटीचा नंबर, चौघांच्या घरचे नंबर तिच्याकडे दिलेत, पुढचं ती बघेल. रात्री तुम्ही दोघांनीच काळजी करत बसायचं नाही.

बाबा, ज्या दिवशी निघालो असं सांगीन त्या दिवशी पवनचक्क्यांपाशी रिक्षाने जा, चालत नको, दुर्बीण घेऊन जा. उत्तरेकडून येऊ, शीड पांढरं आहे आणि त्याला खालून दुसऱ्या पट्ट्यावर एक निळं ठिगळ आहे, ते दिसलं की आम्हीच. तुम्ही लहानपणी गोव्याची बोट बाहेर उभी राहिली की पडावातून उतरायचात ते मला इतक्यांदा सांगितलंयत, तर यंदा तुम्हाला डिंगीतून, म्हणजे आमच्या छोट्या होडीतून, बोटीवर घेऊन जायचंय, पाणी शांत असेल तर. आईचा गुडघा बघून तिचं ठरवू.

आणि आई, आलेपाक कर गं, थोडा जास्त तिखट, काकांना पहिल्या दिवशी मळमळतं. अर्धा किलो पुरेल. आमसुलं आहेत माझ्याकडे, मेतकूट संपलंय. ताई येत्या रविवारी मुंबईला येतेय तिच्याकडे दे, डब्याला नीट रबर लाव, गेल्या वेळी सगळं बॅगेत सांडलं होतं.

तुमची,
धाकटी