रापलेल्या चेहऱ्याविषयी

नौपाडा, ठाणे

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तू फोनवर मागितलेली चेहरा उजळवण्याच्या क्रीमची ट्यूब मी पाठवणार नाही, हे आधीच सांगते. औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून मी या ट्यूबची मागणी रोज ऐकते. मागणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे डॉक्टरांची चिठ्ठी नसते, आणि नाही म्हटले की ते रागावून पुढच्या दुकानाकडे वळतात. तुला मात्र कारण सांगायला हवे.

नाशिकला भर उन्हात सराव करून तुझा चेहरा रापला आहे, तो मळला नाही. त्वचेच्या बाह्यस्तराच्या तळाशी साधारण दहा पेशींमागे एक रंगपेशी असते. गोऱ्या आणि सावळ्या माणसांत या पेशींची संख्या जवळजवळ सारखीच असते. त्या मेलॅनिन या रंगद्रव्याचा कोणता प्रकार किती बनवतात आणि त्याचे कण केवढे असतात, यावर वर्ण ठरतो. टायरोसिन या अमिनो आम्लापासून मेलॅनिन तयार होते आणि त्यातली पहिली पायरी टायरोसिनेज हे एन्झाइम पार पाडते. प्रत्येक रंगपेशी आपल्या लांब फांद्यांवाटे आसपासच्या तीस-चाळीस पेशींना हे कण पुरवते, आणि तिथे ते केंद्रकाच्या वरच्या, म्हणजे उन्हाकडच्या बाजूला छत्रीसारखे गोळा होतात, कारण जपायचा असतो तो आतला डीएनए. अतिनील किरणांनी डीएनएला इजा झाली की वरच्या पेशी रंगपेशींना संदेश धाडतात आणि दोन-तीन दिवसांत रंग गडद होऊ लागतो. म्हणजे रापणे ही इजा होऊन गेल्यानंतरची तजवीज आहे. तिने मिळणारे संरक्षणही थोडेच असते, म्हणून सनस्क्रीन टाळू नकोस.

मावशीने सुचवलेल्या साय-हळदीने नुकसान नाही, पण मेलॅनिनही जात नाही. ऊन कमी झाले की वरचा थर गळून रंग काही आठवड्यांत आपोआप उतरतो. तो उतरेल तुझ्या मूळ सावळ्या रंगापर्यंतच, कारण तू आजोबांवर गेली आहेस. वर्ण अनेक जनुकांनी ठरतो. त्यांतल्या एसएलसी२४ए५ या जनुकाचे महत्त्व 2005 मध्ये झेब्रा माशांवरील संशोधनातून उमगले. त्याची फिकट वर्ण देणारी आवृत्ती युरोपात जवळपास सर्वांकडे असते, आपल्याकडे काहींकडे असते आणि काहींकडे नसते. तू आणि दादा एकाच घरातले असून तुमच्या रंगांत फरक आहे, त्याचे आश्चर्य वाटायला नको.

आता त्या ट्यूबविषयी. तिच्यात हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन (अ जीवनसत्त्वाच्या गटातले औषध) आणि मोमेटासोन असतात. हायड्रोक्विनोन टायरोसिनेजला अडवते, पण फार काळ वापरल्यास त्वचेवर निळसर-काळे डाग उमटू शकतात. मोमेटासोन हे स्टेरॉइड आहे. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा दिसतो, पुढे त्वचा पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, आणि क्रीम थांबवले की चेहरा लालबुंद होऊन आग होते, म्हणून माणूस तेच क्रीम पुन्हा लावतो.

तुझी खोलीतली मैत्रीण हीच ट्यूब बरेच दिवस लावते आहे, असे तू म्हणालीस. तिच्या ट्यूबच्या मागच्या बाजूचा फोटो मला पाठव. त्यावर मोमेटासोन, बीटामेथासोन किंवा क्लोबेटासॉल असे एखाद्या स्टेरॉइडचे नाव छापलेले असेल, तर तिने ती एकदम बंद न करता याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे. बंद कशी करायची ते तेच सांगतील.

तुझी,
आई