डीपीची बाजू कोण घेणार?

महोदय,

‘रोहित्र जळाले, गहू धोक्यात’ ही बातमी आपल्या अंकात दर माघात येते, यंदाही आली. त्यात शेतकऱ्यांची बाजू असते, अधिकाऱ्यांची असते, खुद्द डीपीची, म्हणजे त्या रोहित्राची (ट्रान्सफॉर्मरची), कुणी घेत नाही. वायरमनचा आयटीआय करून पुढे शेतीत रमलेला माणूस म्हणून मी ती मांडतो.

डीपी एका रात्रीत जळत नाही, आतल्या आत कढत मरते. यंत्र म्हणून ती गुणी. शंभर युनिट घेतले तर अठ्ठ्याण्णवच्या आसपास परत देते. जे दोन जातात त्यांचीच उष्णता होते. लोखंडी गाभ्याचा तोटा चोवीस तास चालू, मोटारी बंद असल्या तरी. डीपीजवळ ऐकू येणारी गुणगुण त्याचीच. तांब्याच्या वेढ्यांचा तोटा मात्र भाराच्या वर्गाने वाढतो, आणि घात तिथे होतो. भारतीय मानकाने २०१४ साली १०० केव्हीए (हे क्षमतेचे माप) क्षमतेच्या साध्या रोहित्राला घातलेली मर्यादा पाहा : निम्म्या भाराला एकूण तोटा ५२० वॅट, पूर्ण भाराला १८०० वॅट. भार दुप्पट, उष्णता जवळजवळ साडेतीनपट. म्हणजे टाकीत एक गिझरच पेटता ठेवला म्हणा ना.

आमच्या १०० केव्हीएच्याच डीपीवर कागदोपत्री पाच-पाच एचपीच्या अकरा मोटारी. प्रत्यक्षात सोळा, आणि त्यातल्या निम्म्या साडेसातच्या. तारेवर टाकलेले चोरीचे आकडे वेगळेच. लायनमनच्या टाँग टेस्टरने (तारेभोवती चिमटा लावून करंट मोजायचे यंत्र) मोजले तेव्हा एका फेजला १९० अँपिअर दाखवले. पूर्ण भाराचे व्हायला हवेत १३३. त्या फेजच्या वेढ्यात दुप्पट उष्णता! वेढ्यांवरच्या कागदाचे आयुष्य तापमान वाढेल तसे दर सहा अंशांना निम्मे होते, असा ठोकताळा आहे. पुढचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

ही उष्णता काढायला आत ना पंप, ना पंखा. तेल तापून वर चढते, बाजूच्या नळ्यांतून उतरताना वाऱ्याने निवते, खालून पुन्हा आत जाते. (रात्रीच्या लाइटीला आपण शिव्या घालतो, पण डीपीला तीच मानवते.) गळती किंवा चोरीमुळे तेल नळ्यांच्या वरच्या तोंडाखाली गेले की हा फेराच तुटतो. आमच्याकडे नळ्यांवर वेल चढलेली, टाकीच्या अंगाला तेलाचे काळे ओघळ, आणि हवेतला ओलावा टिपणाऱ्या सिलिका जेलच्या बरणीची काच फुटून तिथे चिंधी कोंबलेली. ते निळे खडे गुलाबी झाले की बदलायचे असतात. इथे खडेच नाहीत. तेल पाणी पिते, मग पहिल्या जोराच्या लोडला धूर.

जळाली की वर्गणी काढून ट्रॅक्टरने दुसरी आणायची, तीही तेवढ्याच क्षमतेची. चढवण्याआधी भार कुणी मोजत नाही. माझी मागणी एवढीच : नवी डीपी खांबावर चढण्याआधी तिन्ही फेजचा भार मोजून लिहून ठेवावा, आणि रब्बीच्या तोंडावर तेल व बरणी एकदा पाहावी. त्याला काही योजना लागत नाही.

आम्हा शेतकऱ्यांच्या पदरातही माप घालतो. लाइट आली की ऑटोस्विचमुळे सोळाच्या सोळा मोटारी एकदम उठतात, आणि सुरू होताना प्रत्येक पाच-सहापट करंट ओढते. मोटारीने ओढलेला वायफळ करंट कमी करणारे कपॅसिटर तर निम्म्या लोकांनी काढूनच टाकलेत. त्याने पॉवर फॅक्टर (ओढलेल्या करंटपैकी खरा कामी येणारा वाटा) ०.७ वरून ०.९५ वर नेला तर करंट पाऊण होतो, वेढ्यातली उष्णता जवळपास निम्मी. माझाही कपॅसिटर दोन वर्षे खोपीत पडून होता. गेल्या रविवारी जोडला. बाकी पंधरांपैकी चौघांनी जोडलाय. उरलेले म्हणतात, आधी सगळ्यांनी जोडावा, मग आम्ही.

– एक शेतकरी वाचक, जि. सोलापूर