बाबा, ते दोन नवे डाग

पुणे, बुधवार रात्र

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवर बाबा दोन वाक्यं बोलतात आणि "घे, आईशी बोल" म्हणून मोकळे होतात. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा.

शनिवारी रात्री साडेनऊला स्कॅनवाल्यांनी तुमच्या प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी काढलेल्या हाडांच्या स्कॅनचा रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवून दिला. डॉक्टरांनी अजून पाहिलेलाही नव्हता. तुम्ही तो एकट्यानं उघडलात, 'बरगडीत आणि उजव्या खुब्यात नवे डाग' एवढं वाचलंत आणि सकाळी आईला सांगून टाकलंत, "पुढचं इंजेक्शन नको, पैसे पाण्यात." आईला धड बोलताही येत नव्हतं फोनवर. त्या सेंटरवाल्यांचा मला अजून राग आहे, पण तो जाऊ दे.

सोमवारी मी डॉक्टरांशी बोलले. दोन्ही रिपोर्ट, दिवाळीनंतरचा आणि आत्ताचा, शेजारी ठेवून त्यांनी समजावलं. मला कळलं ते असं.

हाडांच्या स्कॅनला कॅन्सर दिसतच नाही. टेक्नेशियम हा किरणोत्सारी पदार्थ घातलेलं जे औषध शिरेतून देतात, ते जिथे हाड नव्यानं बांधलं जातंय तिथे जाऊन बसतं. आता सिंहस्थासाठी नाशिकभर रस्ते खोदलेत ना? गच्चीवरून नुसतं खोदकाम बघून कुणी सांगेल का, की इथे रस्ता खचलाय की नवा होतोय? स्कॅनचंही तसंच. गाठीनं हाड पोखरलं तरी शरीर तिथे डागडुजी करतं, म्हणून डाग उठतो. आणि उपचाराच्या औषधानं गाठ दबली की हाड जोमानं भरायला लागतं, तेव्हाही डाग उठतो, जुना असेल तर आणखी गडद होतो. आधी दिसतही नव्हती अशी जागा भरताना पहिल्यांदा दिसते. उपचार सुरू झाल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत हे बऱ्याच जणांत होतं. डॉक्टर त्याला 'फ्लेअर' म्हणतात. तुमचा स्कॅन अकराव्या आठवड्यातला आहे. (आई, तुझे गुडघे त्या मशीनखाली घातले तर तेही काळेकुट्ट दिसतील. संधिवातानंही डाग उठतात.)

मग हे डाग बरे होण्याचे कशावरून? खात्री आज कुणीच देत नाही, डॉक्टरांनीही दिली नाही. पण बाकीचं बघा की. पीएसए (रक्तातला, प्रोस्टेटच्या आजाराचा माग सांगणारा आकडा) ८४ वरून २.६ वर आलाय. दिवाळीत तुम्हाला रिक्षात बसवताना मी आणि दादा दोघं लागलो होतो. आता मुक्तिधामपर्यंत चालत जाऊन येता आणि वर आईला न सांगता वडापाव खाता. आजार वाढत असता तर पाठ अशी मोकळी झाली असती का?

यावर डॉक्टरांच्यात एक नियम आहे, तो तुम्हाला पटेल. उपचारानंतरच्या पहिल्या स्कॅनमधल्या नव्या डागांवर निकाल द्यायचा नाही. निदान सहा आठवडे थांबून पुन्हा स्कॅन करायचा, आणि त्यात आणखी किमान दोन नवे डाग उठले तरच आजार वाढला म्हणायचं. नाही उठले, तर हाच स्कॅन पुढच्या तुलनेचा पाया. प्रेसमध्ये तीस वर्षं तुम्ही नोटांचे ताव तपासलेत. एका तावावर शाईचा ठिपका दिसला म्हणून मशीन बंद करायला लावलंत का कधी? पुढचे ताव बघितलेत.

आणि पुढच्या वेळी खरंच नवे डाग उठले, तर औषध बदलतील. तेही मी लपवत नाही.

शेजारच्या काकांचं ते 'पीएसएमए पेट करा, त्यात सगळं दिसतं', हेही डॉक्टरांना विचारलं. तो स्कॅन चांगला आहे, कॅन्सरच्या पेशीवरचं प्रथिनच शोधतो. पण त्याची नजर इतकी तीक्ष्ण, की पूर्वीपासून असलेलं बारीकसारीकही दिसतं, आणि माणसाला वाटतं आजार वाढला. शिवाय हॉर्मोनच्या इंजेक्शननं ते प्रथिनही कमीजास्त होतं. लाळेच्या ग्रंथी आणि किडन्या तर त्यात सगळ्यांच्याच चमकतात; तो रिपोर्ट तुम्ही रात्री साडेनऊला उघडलात तर काय होईल, या विचारानंच मला धडकी भरते. सुरुवात हाडांच्या स्कॅननं झालीय, तर तुलनाही त्याच्याशीच, आणि जमेल तोवर त्याच मशीनवर. पेटची गरज पडली तर डॉक्टरच सांगतील.

"तीन महिन्यांतून एक सुई, तेवढ्यानं काय होणार?" असं तुम्ही दादाला म्हणालात. चार्ल्स हगिन्स नावाच्या सर्जननी १९४१ मध्ये दाखवून दिलं, की ऑपरेशन करून पुरुषी हॉर्मोन तोडलं की प्रोस्टेटचा कॅन्सर मागे हटतो. १९६६ मध्ये त्यांना त्यावर नोबेल मिळालं. तुमची सुई तेच काम करते, ऑपरेशनशिवाय. साल सांगितलं की तुमचा विश्वास बसतो, म्हणून दोन सालं दिली.

तर इंजेक्शन २० तारखेला घ्यायचंच. पुढच्या स्कॅनच्या आदल्या संध्याकाळी मी शिवाजीनगरहून बसनं निघते, बिटकोला उतरेन, दादाला स्कूटर घेऊन पाठवा. आधीच्या दोन्ही स्कॅनच्या सीडी पिशवीत काढून ठेवा, नुसता कागद नको. आणि रिपोर्ट माझ्या मोबाईलवर येऊ दे.

आई, तुझ्याशी वेगळं बोलायचंय. स्कॅन होऊन आठवडा झाला तरी बाबांचं ताट-पेला वेगळा आहे, त्यांचं अंथरूण हॉलमध्ये आहे, असं वहिनी म्हणाली. अगं, स्कॅनच्या त्या औषधातला किरणोत्सार दर सहा तासांनी निम्मा होतो, वर लघवीवाटे जातो तो निराळाच. त्या दिवशी भरपूर पाणी प्यायचं आणि चिनूला मांडीवर घ्यायचं नाही, एवढंच सांगितलं होतं त्यांनी. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत त्यात काही दम उरत नाही. बाबा तुला बोलले नसतील, पण ते वेगळं ताट त्यांनी बघितलंय.

ते धुऊन आजच मांडणीवर ठेव, बाकीच्या ताटांत.

तुमची,
ताई