पबच्या जुन्या नावाची नोंद दारावर हवी

मा. संपादक,

स. न. वि. वि.

इंग्लंडमध्ये बंद पडत चाललेल्या पबविषयी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. बंद पडण्याची कारणे त्यात नेमकी मांडली आहेत. परंतु पब चालू राहतो आणि त्याचे नाव तेवढे जाते, या प्रकाराची दखल त्यात नाही. नोकरीनिमित्त बरीच वर्षे नॉटिंगहॅममध्ये राहिलो असल्याने त्याविषयी लिहीत आहे.

बिअर विकणाऱ्याने दाराबाहेर चिन्ह टांगलेच पाहिजे, हा दंडक दुसऱ्या रिचर्डच्या काळातला, 1393 सालचा. बहुतेक गिऱ्हाइकांना अक्षरओळख नसल्याने चित्र तेच नाव झाले, आणि त्या राजाचे स्वतःचे चिन्ह असलेला पांढरा हरिण आजही अनेक ‘व्हाइट हार्ट’च्या पाटीवर उभा आहे. नावे बदलणेही तितकेच जुने. नॉटिंगहॅमच्या ‘सॅल्युटेशन’चे नाव येशूची आई मेरी हिला वंदन करणाऱ्या देवदूतावरून पडले; सतराव्या शतकात प्युरिटन या कडव्या प्रोटेस्टंट पंथीयांच्या राजवटीत ते खटकले, म्हणून पब ‘सोल्जर अँड सिटिझन’ झाला आणि राजेशाही परतल्यावर पुन्हा ‘सॅल्युटेशन’. किल्ल्याच्या कातळात खोदलेला ‘ट्रिप टु जेरुसलेम’ भिंतीवर 1189 साल मिरवतो, पण तोही पूर्वी ‘पिल्ग्रिम’ होता. (भिंतीवरचे साल फार मनावर घेऊ नये, असे स्थानिक लोकच सांगतात.)

मला खटकतो तो अलीकडचा बदल. मोठ्या ब्रुअऱ्यांची (बिअर बनवणाऱ्या कंपन्यांची) मक्तेदारी मोडण्यासाठी 1989 मध्ये सरकारने दोन हजारांहून अधिक पब बाळगणाऱ्या ब्रुअऱ्यांवर निर्बंध घातले. परिणामी हजारो पब विकले गेले, ते बव्हंशी नव्याने उभ्या राहिलेल्या पब कंपन्यांच्या हाती पडले, आणि गावोगावी एकाच साच्यातली नावे लागू लागली. त्या नावांनाही आयुष्य बेताचेच. 1979 मध्ये लंडनला सुरू झालेल्या ‘फर्किन’ साखळीने कित्येक पबना ‘अमुक अँड फर्किन’ करून टाकले होते; विसाएक वर्षांत साखळी विकली गेली आणि बहुतेक पाट्या पुन्हा उतरल्या. जुन्या खुणा मात्र चिवट असतात. नॉटिंगहॅमची शिपस्टोन ब्रुअरी 1991 मध्ये बंद झाली, तरी तिचे नाव आणि लाल तारा मी पुढे कित्येक वर्षे काही पबच्या दर्शनी भागावर पाहत होतो; वर नवी झगमगीत पाटी आणि खाली खिडकीच्या काचेवर कोरलेली ‘स्मोक रूम’ (धूम्रपानाची खोली) ही अक्षरे. रस्ता विचारला, तर वयस्कर माणसे हमखास जुनेच नाव घेत आणि नवखा माणूस ती पाटी शोधत फिरे.

प्रत्येक नाव राखलेच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. वर्णवाचक नावे अवमानकारक ठरतात म्हणून ग्रीन किंग कंपनीने 2021 मध्ये तीन ‘ब्लॅक बॉय’ आणि एक ‘ब्लॅक्स हेड’ या पबची नावे बदलण्याचे ठरवले. त्यावर बरीच ओरड झाली, पण मला तो निर्णय योग्य वाटतो. आक्षेप आहे तो कारणाशिवाय, केवळ नवी रंगसफेदी म्हणून केलेल्या बदलाला.

कायदा येथे फारसा उपयोगी पडत नाही. इंग्लंडमध्ये 2017 पासून पबचे दुकान करायचे तर नियोजन विभागाची परवानगी लागते आणि वारसा यादीतील इमारतीला हात लावण्यापूर्वीही संमती घ्यावी लागते. नाव बदलायला मात्र तशी परवानगी लागत नाही. नॉटिंगहॅमच्या ‘फ्लाइंग हॉर्स’ हॉटेलच्या जागी दुकाने आली, तरी त्या गल्लीने ‘फ्लाइंग हॉर्स वॉक’ हे नाव ठेवले; दुकानदारांना जे सुचले ते पब कंपन्यांना अवघड नसावे. पूर्वीची सर्व नावे आणि ती कोणत्या काळात होती, एवढे लिहिलेली छोटी पाटी दाराशेजारी लावणे बंधनकारक करावे. मालकांची त्याला हरकत असेल असे वाटत नाही, कारण जुनेपणा सांगून बिअर विकणे त्यांना चांगले जमते.

आपला,
एक वाचक