आमच्या सर्व्हरच्या डिस्क लावून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

गड्ड्याच्या यात्रेसाठी तुम्ही माहेरी आला होतात आणि त्या सुट्टीतला वेळ काढून अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या आमच्या टॉवेल कारखान्यात येऊन बसलात. पैसे तुम्ही घेतले नाहीत. फोनवर आभार मानायला गेलं की विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितो आहे.

सुताचा साठा, मागांवरचं उत्पादन, निर्यातीच्या ऑर्डरी, सगळं आमच्याकडे ओरॅकल डेटाबेसवर चालतं. एक सर्व्हर बंद पडला तरी काम अडू नये म्हणून दोन सर्व्हरचं आरएसी क्लस्टर, म्हणजे एकच डेटाबेस मिळून चालवणारी जोडी, करायचं ठरलं. त्यात दोन्ही सर्व्हर एकाच वेळी त्याच डिस्कवर लिहितात. यंत्रं पुरवणाऱ्यांनी मात्र डिस्कवर नेहमीची एक्सएफएस फाइल सिस्टीम (एका वेळी एकाच सर्व्हरने वापरायची फाइलींची मांडणी) करून तीच डिस्क दोन्हीकडे माउंट करा, म्हणजे जोडा, असं सुचवलं होतं. तुम्ही तिथल्या तिथे थांबवलंत. कुठला ब्लॉक मोकळा, कुठला भरलेला हे प्रत्येक सर्व्हर आपापल्या मेमरीत धरून असतो; दोन मुनीम एकमेकांना न विचारता एकाच खतावणीत लिहायला बसावेत, तशी गत होते आणि डेटा खराब होतो. डिस्क फॉरमॅट न करता ओरॅकलच्या एएसएमकडे, म्हणजे दोन्ही सर्व्हरसाठी डिस्कचा कारभार मिळून सांभाळणाऱ्या व्यवस्थेकडे, द्यायच्या, हे तुम्ही आमच्या साहेबांनाही पटेल अशा भाषेत सांगितलंत.

त्यानंतरचं डिस्क ओळखण्याचं काम मी विसरणार नाही. स्टोरेजकडे जाणारे चार मार्ग, त्यामुळे एकच लन (स्टोरेजने सर्व्हरला दिलेली डिस्क) चार वेळा दिसायचा. त्यात सर्व्हरने डिस्कला दिलेलं आजचं एसडीबी हे नाव रिबूटनंतर एसडीडी होऊ शकतं, आणि दोन सर्व्हरवर नावं सारखी असतीलच असंही नाही. तुम्ही एका स्क्रीनसमोर, आमचा सहकारी दुसऱ्या. तुम्ही डब्ल्यूडब्ल्यूआयडीची, म्हणजे डिस्कच्या न बदलणाऱ्या ओळख-क्रमांकाची, शेवटची सहा अक्षरं मोठ्याने वाचायचात, तो शोधून आकार सांगायचा, मग कागदावर खूण. जुळलेल्या प्रत्येक डिस्कला मल्टिपाथमध्ये (एकाच डिस्ककडे जाणारे सगळे मार्ग एकत्र धरणारी सोय) दोन्हीकडे एकच नाव दिलं, यूडेव्हच्या (लिनक्समध्ये डिस्कची नावं आणि मालकी ठरवणारी सोय) नियमात मालकी ओरॅकलची क्लस्टर यंत्रणा चालवणाऱ्या ग्रिड युजरकडे दिली. सगळं नीट चाललेलं असतानाही दोन्ही सर्व्हर रिबूट करायला लावलेत. नावं आणि मालकी जागच्या जागी आहेत हे पाहिल्यावरच पुढे गेलात.

व्होटिंग डिस्क, म्हणजे कुठला सर्व्हर क्लस्टरमध्ये राहील हे ठरवायला वापरल्या जाणाऱ्या डिस्क, ३ का, हेही तेव्हाच कळलं. सर्व्हरला निम्म्याहून जास्त व्होटिंग डिस्क दिसत राहायला हव्यात, नाहीतर तो क्लस्टरबाहेर जातो. ३ असल्या तर १ गेलेली चालते, ४ केल्या तरी १च. मग चौथीचा उपयोग काय? तिन्ही एकाच स्टोरेज पेटीत आहेत, पेटीच गेली तर त्या वाचवणार नाहीत, हेही तुम्ही लपवलं नाहीत. बॅकअप वेगळ्या ठिकाणी ठेवायला लावलात तो याचमुळे.

खरा डेटा भरायच्या आधी, चाचणीचं लिखाण सुरू असताना तुम्ही फायबरची एक केबल उपटायला सांगितलीत. आमच्या साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. मल्टिपाथच्या यादीत त्या केबलवरचे मार्ग फॉल्टी झाले, उरलेल्यांवरून लिखाण चालू राहिलं. केबल परत लावली, मार्ग परत आले. सर्व्हर आपण नीट लावलाय हा विश्वास मला त्या क्षणी आला, आणि तो तुम्ही दिलात. इतक्या धीराने शिकवणारं माणूस मला या कामात आधी भेटलं नव्हतं.

तुमचा तो खुणांचा कागद लॅमिनेट करून सर्व्हर रूममध्ये लावला आहे. परवा डेटासाठी नवा लन जोडायचा होता, तेव्हा नव्या मुलाने त्यावर बोट ठेवत दोन्ही सर्व्हरवरचे नंबर जुळवले आणि मगच तो डिस्क ग्रुपमध्ये, म्हणजे एएसएमच्या डिस्कच्या गटात, घातला. साहेब आता दुसरी स्टोरेज पेटी घ्यायची म्हणताहेत. माहेरी यायचं ठरलं की कळवा, मांडणीचा आराखडा तयार ठेवतो. तुमची नजर फिरल्याशिवाय ऑर्डर देणार नाही.

तुमचा ऋणी,
संगणक विभागातला एक कर्मचारी,
सोलापूर