४८ मतांच्या त्या रात्री भेटलेल्यांचे आभार

४ जून २०२४, गोरेगावचं नेस्को प्रदर्शन केंद्र. लोकसभेच्या मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाची मतमोजणी, शिवसेनेविरुद्ध शिवसेना. पत्रकारितेची विद्यार्थिनी म्हणून निकाल टिपायची माझी पहिलीच वेळ. शेवटी हरलेल्या उमेदवाराच्याच विजयाची बातमी फिरू लागली होती, मीही पाठवणारच होते. "अधिकृत आकडा येऊ दे गं," म्हणत माझा हात धरणाऱ्या ज्येष्ठ पत्रकार ताई, तुमचे उपकार मोठे आहेत. बाद टपाली मतं पुन्हा तपासली गेली आणि फरक निघाला फक्त ४८ मतांचा!

रेटारेटीत मला बाजूला ओढणाऱ्या पोलीस ताई, चहाचे पैसे न घेणारे काका, मनापासून आभार.

आणि ते दोघे कार्यकर्ते. एकाच्या गळ्यात मशाल, दुसऱ्याच्या धनुष्यबाण. मला रिक्षा मिळेपर्यंत दोघेही थांबले. दादांनो, नावं विचारायची राहून गेली.