टेकडीवरचा किल्ला मोबाइलमधून दिसावा

महाशय,

सीताबर्डीचा किल्ला नागपूर शहराच्या मधोमध आहे, पण तो लष्कराच्या ताब्यात असल्याने सामान्य माणसाला मोजक्याच राष्ट्रीय दिवशी आत जाता येते. एरवी खालून नुसती टेकडी पाहायची. जवळच्या झिरो माइल स्तंभापाशी उभे राहून मोबाइल टेकडीकडे धरला आणि नोव्हेंबर १८१७ मध्ये नागपूरचे राजे अप्पासाहेब भोसले यांच्या व इंग्रजांच्या फौजा कुठे भिडल्या, मोठी टेकडी कोणती, छोटी कोणती, हे पडद्यावर उमटले तर? ऑगमेंटेड रिअॅलिटीने, म्हणजे कॅमेऱ्यातल्या दृश्यावर माहिती उमटवणाऱ्या तंत्राने, हे शक्य आहे. पालिका किंवा पर्यटन खात्याने मनावर घ्यावे.

मात्र घाईने केले तर फजिती होईल. फोन जागा ओळखतो जीपीएसवरून आणि दिशा चुंबकीय होकायंत्रावरून. होकायंत्र एका अंशाने चुकले तरी एक किलोमीटरवरची खूण सुमारे १७ मीटर सरकते, म्हणजे बुरुजाचे नाव शेजारच्या झाडाला चिकटायचे! त्यात मेट्रोच्या पुलाचे लोखंड जवळ असले की सुई आणखी भरकटते. म्हणून उभे राहण्याच्या जागा ठरवून तिथे फोनला नेमकी जागा सांगणारे क्यूआर कोडचे फलक लावावेत आणि कॅमेऱ्याने टेकडीची कड ओळखून खुणा बसवाव्यात.

आजची लष्करी बांधकामे अर्थातच दाखवू नयेत. निवेदन मराठीत हवे, आणि उन्हाळ्यात भर दुपारी पडदा दिसत नाही, तेव्हा ते ऐकूही यावे.

– एक वाचक, धरमपेठ, नागपूर